बर्टन (किट कार)

बर्टन ही नेदरलँड्समधील झुटफेन शहरात तयार होणारी दोन आसनी, उघडी स्पोर्ट्स कार. दिमित्री आणि इवान ग्योबेल या भावांनी ती घडवली आणि २००० सालापासून ती बाजारात आहे. कंपनी मुख्यतः सुट्या भागांचा संच विकते. गाडी जोडण्याचे काम घेणाऱ्याने स्वतः करायचे, त्यासाठी सिट्रोएन २सीव्ही ही जुनी फ्रेंच गाडीही त्यानेच मिळवायची.

२सीव्ही १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आली, १९९० मध्ये पोर्तुगालमध्ये तिचे उत्पादन थांबले. फ्रेंच शेतकऱ्याला परवडावी म्हणून ती साधी ठेवली होती. डच लोक तिला प्रेमाने ‘कुरूप बदक’ म्हणत. बर्टनचे सगळे गणित या साधेपणावर उभे आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत बॉडी हाच सांगाडा असतो, छप्पर कापले की गाडी कमकुवत होते. २सीव्हीत मात्र इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, चाके सगळे एका सपाट चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, बसवलेले. मोजके बोल्ट सोडवले की पत्र्याची बॉडी अख्खी उचलून बाजूला ठेवता येते.

त्यानंतर खरी परीक्षा चासीची. ती आतून पोकळ, त्यामुळे पाणी साचून गंजते. वरून रंग शाबूत दिसला तरी टोचा मारून पाहावाच लागतो. सडलेली निघाली तर नवी चासी घ्यावी, डागडुजीवर विसंबू नये. तिच्यावर १९३० च्या दशकातील स्पोर्ट्स गाड्यांच्या वळणाची फायबरची बॉडी चढते. चालक खाली बसतो, म्हणून स्टिअरिंगचा दांडाही खाली आणावा लागतो.

इंजिन मात्र तेच राहते: ६०२ सीसी, समोरासमोर दोन सिलिंडर, हवेने थंड होणारे, साधारण २९ अश्वशक्तीचे. रेडिएटरच नसल्याने पाण्याची कटकट नाही. वेगासाठी कोणी बर्टन घेऊ नये. पण बॉडी हलकी आणि बैठक रस्त्यालगत, त्यामुळे बेताच्या वेगातही वळण अंगाला जाणवते, आणि हेच तिचे मोठे सुख आहे.

याच चासीवर ब्रिटनमध्ये नायजेल व्हॉल यांनी लोमॅक्स ही गाडी केली. तिच्या तीनचाकी प्रकारात इंजिन नाकावर उघडेच दिसते. बर्टनने ते लांब बॉनेटखाली झाकले आहे. आत बसल्यावर मूळ गाडीची ओळख पटते ती गिअरच्या दांड्यामुळे: तो जमिनीतून वर न येता डॅशबोर्डातून आडवा बाहेर येतो आणि मूठ पिळून, पुढे ढकलून, मागे ओढून गिअर बदलावा लागतो.