नुसतं पडून राहिलं तर बिघडलं कुठे?

सुट्टीची दुपार आहे, काम तसं काही अडलेलं नाही, तुम्ही आडवे पडून वर पंख्याकडे बघताय. पहिली दहा मिनिटं मस्त जातात. मग डोक्यात कोणीतरी हजेरी घ्यायला लागतं, कपाट आवरायचं राहिलंय, त्या मेलला रिप्लाय द्यायचा होता, तो ऑनलाइन कोर्स अर्ध्यात सोडलायस, आणि बाकीचे बघ कुठल्या कुठे पोचले. मग आपण उठून काम करतो का? छे, मोबाइल हातात घेतो. म्हणजे आरामही नाही आणि कामही नाही, एक तास गेला तो गेलाच. माझं वर्षानुवर्षं हेच चाललंय म्हणून एकदा ठरवलं की हे जे टोचतं ते नेमकं काय आहे, आणि त्याच्या बोलण्यात कितपत दम आहे, ते जरा वाचून बघू.

सुरुवात मुंग्यांपासून करते, कारण आळशी माणसाला लाजवायचं असलं की लोक हमखास मुंगीला पुढे करतात. अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठात डॅनियल शार्बोनो आणि अ‍ॅना डॉर्नहाउस या दोघांनी टेम्नोथोरॅक्स नावाच्या इवल्याशा मुंग्यांवर बरंच काम केलंय. एकेका मुंगीला रंगाचे ठिपके लावायचे, म्हणजे कोण कोणती ते कळतं, आणि मग कॅमेरा लावून बघत बसायचं. दिसलं काय, तर वसाहतीतल्या साधारण ४०% मुंग्या बहुतेक वेळ काहीच करत नाहीत. खरंच काही नाही, एका जागी बसून असतात. मग २०१७ मध्ये त्यांनी एक गंमत छापली. सगळ्यात कामसू अशा २०% मुंग्या बाजूला काढल्या तर आठवड्याभरात या बसून राहणाऱ्यांपैकीच काही उठून त्यांच्या जागी कामाला लागल्या. आणि उलट, सगळ्यात निवांत २०% काढल्या तर त्यांची जागा घ्यायला कोणी आलंच नाही. म्हणजे ज्यांना आपण खायला काळ आणि भुईला भार म्हटलं असतं त्या मुंग्या बहुधा राखीव फौज होत्या. आता मुंगीवरून माणसाचं काही सिद्ध होत नाही हे मान्य, पण निदान उदाहरण देताना लोकांनी मुंगी तरी बदलावी.

बरं, आपण पडून असतो तेव्हा आत काय चाललेलं असतं? मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २%, पण शरीराची सुमारे २०% ऊर्जा तो एकटा खातो. आणि तुम्ही गणित सोडवायला बसलात तर हा खर्च किती वाढतो? बहुतेक वेळा ५ टक्क्यांपेक्षाही कमी. हे वाचून मी थांबलेच, कारण मला वाटायचं की विचार केला की मीटर पळतं आणि स्वस्थ बसलं की बंद होतं, तर तसं नाही, मीटर कायम पळतंच असतं. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी कागदावर उतरवल्या, आणि त्यात डोळे मिटून शांत पडलेल्या माणसाच्या मेंदूतही छान लयीत लहरी दिसत होत्या. पण विश्रांतीकडे बघायची दृष्टी बदलली ती बऱ्याच उशिरा, मेंदूचे स्कॅन निघायला लागल्यावर. स्कॅनमध्ये लोकांना काही काम देतात आणि मध्ये मध्ये 'आता नुसते पडून राहा' असं सांगतात, म्हणजे तुलना करायला काहीतरी हवं म्हणून. तर लक्षात असं यायला लागलं की काम सुरू झालं की मेंदूचे काही भाग उलट मंदावतात, आणि पडून राहिलं की तेच भाग परत जोरात चालू. सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याला मेंदूचा 'डिफॉल्ट मोड' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. जुन्या आठवणी उकरणं, उद्याचं काय होईल याची चित्रं रंगवणं, अमकी मला असं का बोलली असेल याचा कीस पाडणं, अशा वेळी हे भाग चालतात. थोडक्यात, पंख्याकडे बघत आपण जे करत असतो तेच.

शिकण्याच्या बाबतीत तर याहून भारी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत लोकांना ४-१-३-२-४ हे आकडे एका हाताने शक्य तितक्या पटापट टाइप करायला दिले. १० सेकंद टाइप करा, १० सेकंद थांबा, परत टाइप करा, असं. सुरुवातीला वेग जो वाढत होता तो टाइप करताना वाढतच नव्हता, तो वाढत होता मधल्या त्या १० सेकंदांत! २०२१ मध्ये याच गटाने दाखवलं की थांबलेल्या वेळात मेंदू तेच आकडे साधारण २० पट वेगाने पुन्हा पुन्हा घोकत असतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं, तर एक माणूस हातावर हात धरून बसलाय. असाच एक प्रयोग मिकेला ड्यूअर यांच्या टीमने २०१२ मध्ये छापला, वयस्कर लोकांना दोन छोट्या गोष्टी ऐकवल्या, एकीनंतर १० मिनिटं अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून बसायला सांगितलं, दुसरीनंतर १० मिनिटं चित्रांतले फरक ओळखायचा खेळ दिला. ७ दिवसांनी विचारलं तर विश्रांतीआधीची गोष्ट जास्त आठवत होती. खेळ काही अवघड नव्हता, पण तेवढंही पुरलं. आता मोबाइल चाळणं या खेळाच्या जवळचं की डोळे मिटून बसण्याच्या, ते तुम्हीच ठरवा.

मग एवढं सगळं असताना टोचतं का?

याचा एक भाग असा की रिकामं बसणं माणसाला मुळातच जड जातं. क्रिस्टोफर शी आणि सहकाऱ्यांचा २०१० चा एक प्रयोग मला फार आवडतो. विद्यार्थ्यांनी एक फॉर्म भरला, पुढचा फॉर्म १५ मिनिटांनी मिळणार. भरलेला फॉर्म दारातच देऊन बसून राहा, नाहीतर लांब चालत जाऊन देऊन या, बक्षीस म्हणून दोन्हीकडे एक चॉकलेट. दोन्हीकडे सेम चॉकलेट असेल तर बहुतेक जण बसून राहिले. पण दोन्हीकडे वेगवेगळं चॉकलेट आहे म्हटल्यावर बहुतेक जण चालत सुटले. म्हणजे धावपळ करायला आपल्याला नुसतं एक निमित्त लागतं, फालतू असलं तरी चालतं. आणि खरं सांगायचं तर चालून आलेले लोक बसून राहिलेल्यांपेक्षा खूशही होते, ते लपवायचं कशाला. टिमथी विल्सन यांच्या २०१४ च्या प्रयोगात तर कमालच झाली, लोकांना १५ मिनिटं खोलीत एकटं बसवलं, करायला काही नाही, फक्त एक बटण, दाबलं की विजेचा सौम्य झटका. हा झटका टाळायला आम्ही पैसेसुद्धा देऊ असं आधी म्हणालेल्यांपैकी १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ बायकांतल्या ६ जणींनी स्वतःहून तो घेतला.

पण हा झाला कंटाळा, अपराधीपणा वेगळा. अपराधीपणा ही मुळात दुरुस्तीची भावना आहे, आपल्या हातून कोणाचं तरी नुकसान झालं की ती टोचते, मग आपण माफी मागतो, भरपाई करतो, नातं सांधलं जातं. आता दुपारी पडून राहिल्याने नुकसान कोणाचं झालं? (घरातलं सगळं दुसऱ्या कोणावर ढकलून लोळत असाल तर ते टोचणं बरोबर आहे, त्याला विज्ञानाचा आधार मागू नका.) बाकी वेळी समोर कोणीच नसतं ज्याची माफी मागावी, म्हणून ती भावना नुसतीच घुटमळत राहते. आणि ती बरीचशी शिकलेली असते असं मला वाटतं, कारण २०१७ च्या एका अभ्यासात अमेरिकन लोकांना कायम बिझी असणारा माणूस जास्त प्रतिष्ठित वाटला, तर इटलीतल्या लोकांना निवांत असणारा. दोन्हीकडे मेंदू तोच की!

या शिकवणीची किंमतही मोजून झालीय. गॅब्रिएला टोनिएटो आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं की फावला वेळ म्हणजे वेळेची नासाडी असं ज्यांना वाटतं त्यांना तो वेळ घालवताना मजाही कमी येते, आणि अशा लोकांमध्ये ताण आणि उदासी जास्त सापडते. काही जणांचं त्याहून अवघड असतं, रिलॅक्स व्हायला गेलं की त्यांना उलट धडधड व्हायला लागते. त्याचं एक स्पष्टीकरण असं देतात की सतत काळजीत राहिलं तर वाईट बातमी आली तरी धक्का लहान बसतो, आणि निवांत असताना आली तर मोठा, म्हणून मन निवांत व्हायलाच घाबरतं. हे पटण्यासारखं आहे, निदान मला तरी. आणि पडून राहिल्यावर दरवेळी मन काळ्या विचारांतच गोल गोल फिरत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, असे आठवडे जात असतील, तर मात्र हा आळस-आरामाचा विषय नाही, सरळ डॉक्टरांशी बोलावं.

हजेरी घेणाऱ्या आवाजावर एक साधा उतारा आहे. अर्धवट कामं डोक्यात घिरट्या घालतात हे जुनंच निरीक्षण, पण मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की काम पूर्ण नाही केलं तरी चालतं, कधी आणि कसं करणार याचा नेमका प्लॅन केला की मेंदू बऱ्यापैकी पिच्छा सोडतो. त्यामुळे आडवं पडायच्या आधी कागदावर 'मेल, सोमवारी सकाळी १० वाजता' एवढं लिहून ठेवायचं. मी करते, बहुतेक वेळा चालतं.

आता माझी खरी अडचण सांगते. वर मी जे सगळं लिहिलं, आठवणी पक्क्या होतात, वेग वाढतो, ते परत आरामाकडून काम करून घेणंच झालं की! म्हणजे पडून राहायचं, पण हिशोब दाखवायचा. २०२२ मध्ये छोट्या ब्रेकवरच्या २२ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, २,३०० च्या वर माणसं, १० मिनिटांपर्यंतचे ब्रेक. थकवा कमी झाला, तरतरी वाढली, पण कामगिरी? एकूणात म्हणावा असा फरक नाही. बऱ्याच जणांनी हे वाचून तोंड वाकडं केलं असेल, मला मात्र हा निकाल फार आवडला. माणसाला बरं वाटलं, बस, पुढे काही नाही.

हा लेख लिहिताना मध्येच मी अर्धा तास आडवी झाले होते. लेखासाठी काहीही सुचलं नाही. पंखा मात्र पुसायला झालाय.