डायलिसिसवरील रुग्णाचे पोषणमापन

डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या अंगात मांस किती, चरबी किती आणि साचलेले पाणी किती, हे वेगवेगळे ओळखून त्याचे पोषण जोखण्याची पद्धत. एरवी वजनकाट्यावर भागते. इथे तोच काटा फसवतो. लघवी आटल्यामुळे दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत दोन-तीन किलो पाणी सहज चढते. सांगली-मिरजेकडे भेटायला आलेले पाहुणे सुजलेला चेहरा बघून ‘अंग धरलंय की’ म्हणतात, आणि त्याच वेळी सदऱ्याची बाही दंडावर सैल पडू लागलेली असते.

जादा पाणी काढल्यावर सूज नाही, दम नाही, रक्तदाब पडत नाही की पायात गोळे येत नाहीत, अशा वेळच्या वजनाला ‘ड्राय वेट’ म्हणतात. हा आकडा कायमचा नसतो. मांस दोन किलोने झिजले आणि ड्राय वेट जुनेच ठेवले, तर तेवढे पाणी दर खेपेला अंगातच राहते. काट्यावर सगळे ठीक दिसते, पण माणसाला रात्री आडवे होता येत नाही. या झिजेला २००८ पासून ‘प्रोटीन-एनर्जी वेस्टिंग’ असे नाव आहे.

तपासणी डोळ्यांनी आणि हातांनी सुरू होते. कानशिलाला पडलेले खड्डे, वर आलेली गळ्याची हाडे, अंगठा व तर्जनी यांमधला बसलेला उंचवटा बघतात. भूक, उलट्या, गेल्या सहा महिन्यांतले वजन विचारतात. दंडाचा घेर फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) नसलेल्या हाताचा, खांद्याचे टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, पाणी काढून झाल्यावरच घेतात. टेप दर वेळी त्याच जागी धरली, तर हे साधे माप महागड्या यंत्राइतकेच बोलके ठरते. मुठीची ताकद डायनॅमोमीटर या दाबून बघायच्या उपकरणावर मोजतात. बायोइम्पिडन्सची चाचणी, म्हणजे अंगातून सौम्य वीजप्रवाह सोडून पाणी, चरबी व मांस यांचा अंदाज घेणे, डायलिसिसनंतर किमान अर्ध्या तासाने करतात.

रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन ३.८ ग्रॅम प्रति डेसिलिटरखाली गेले की शंका घ्यावी; मात्र जंतुसंसर्गानेही ते उतरते. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बिघडले की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ, याचे जास्त सांभाळून बघावे लागते. ते स्नायूंतून येते, त्यामुळे डायलिसिस नेहमीसारखे चालू असताना आकडा उतरत गेला तर घरचे सुखावतात, पण ती मांस आटल्याची खूण असू शकते.

डायलिसिसआधी प्रथिने कमी करायला सांगितलेले असते. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र किलोमागे रोज १.० ते १.२ ग्रॅम लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला पन्नास ते साठ ग्रॅम. तरीही कित्येक घरांत जुने पथ्यच चालू राहते: आमटी बंद, अंडे बंद, नुसती भाकरी. उलट ताकद यावी म्हणून तासगावचा बेदाणा मूठभर दिला जातो. त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि ते हृदयावर येते. म्हणून आहाराची चौकशी रुग्णाबरोबर घरात चूल सांभाळणाऱ्याकडेही करावी लागते.