खेळाआधी खडक

ग्रॅनाइटच्या कड्यावर चढणाऱ्याचे हात जवळून पाहा. धरायला खाच नाही, कंगोरा नाही, आहे ती फक्त एक उभी भेग. तो तळहात सरळ भेगेत घालतो, अंगठा आत दुमडतो. हात फुगतो आणि पाचर ठोकावी तसा अडकून बसतो. मग सगळं अंग त्या एका हातावर.

ही भेग आली कुठून? कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्याचा बराचसा ग्रॅनाइट सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी, जमिनीखाली काही किलोमीटरवर शिलारस सावकाश थंड होत घडला. वरचे थर झिजून गेले तसं त्याच्यावरचं ओझं हलकं झालं. ओझं उतरलेला खडक किंचित प्रसरण पावतो, तडकतो आणि कांद्यासारखे त्याचे पापुद्रे सुटतात. पुढे हिमनद्या आल्या. भेगाळलेला खडक त्यांनी सहज उचकटून नेला, अखंड होता तो मागे राहिला. एल कॅपिटनचा सुमारे 900 मीटरचा कडा असाच उरलेला आहे. 1958 साली त्याच्यावर पहिली चढाई झाली, तीही भेगांच्याच आधाराने. मधल्या काही भेगा इतक्या रुंद निघाल्या, की हाताशी असलेले खिळे त्यात बसेनात. तेव्हा चक्क जुन्या शेगडीचे पाय ठोकून वर जावं लागलं! त्या भेगांचं नाव आजही शेगडीच्या पायांवरूनच घेतात.

राफ्टिंगचं, म्हणजे हवा भरलेल्या बोटीतून खळाळती नदी उतरण्याचं, गणित मला याहून विलक्षण वाटतं. ग्रँड कॅन्यनमधून वाहणारी कोलोरॅडो नदी बराच वेळ संथ असते. मग पुढून घुमता आवाज येऊ लागतो, पण पाणी मात्र आणखीच शांत होतं. कारण पुढे दगडांचा बांध असतो आणि त्यामागे पाणी तुंबलेलं असतं. हा बांध नदीने स्वतः घातलेला नसतो. बाजूच्या अरुंद घळीत मुसळधार पाऊस झाला, की चिखल आणि मोठाले धोंडे एकत्र लोंढ्यासारखे खाली येतात आणि घळीच्या तोंडाशी नदीत पसरतात. पात्र आवळतं, पाणी उसळतं, रॅपिड तयार होतो. तिथल्या बहुतेक रॅपिडच्या शेजारी अशी एखादी घळ सापडतेच.

डिसेंबर 1966 मध्ये क्रिस्टल घळीतून असाच लोंढा आला आणि तोवर साधा समजला जाणारा रॅपिड या नदीवरच्या सर्वांत अवघड रॅपिडपैकी एक होऊन बसला. एरवी नदीच्या मोठ्या पुरांनी त्यातले धोंडे हळूहळू ढकलून नेले असते. पण वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरण झालं होतं, 1963 पासून पाणी अडवलं जात होतं. दगड टाकणाऱ्या घळी मोकळ्या राहिल्या, दगड उचलणारी नदी मात्र बांधली गेली. 1983 साली धरणातून प्रचंड पाणी सोडावं लागलं, तेव्हा कुठे क्रिस्टलची चिंचोळी वाट काहीशी रुंदावली. त्या पुरात तिथे बोटीही उलटल्या. धरणाचा हिशेब करताना वीज आणि पाणी मोजलं जातं. खाली नदीचा स्वभाव बदलतो, तोही त्यात धरायला हवा असं मला मनापासून वाटतं.

वालुकाश्माची गोष्ट थोडक्यात सांगता येते. वाळूचे कण चुना, माती किंवा सिलिका अशा कशाने तरी एकमेकांना चिकटून हा खडक बनतो. बांधणारा पदार्थ कच्चा असेल तर पाणी मुरताच त्याची पकड ढिली होते. वरून कोरडा ठणठणीत दिसणारा कडा आतून ओला असू शकतो, आणि एरवी भार पेलणारा कंगोरा हातात तुटून येतो. चढणाऱ्याचा जीव धोक्यात येतो तो येतोच, शिवाय तो कंगोरा कायमचा गेला. म्हणून जाणते लोक पावसानंतर कड्याला हात लावण्याआधी त्याच्या पायथ्याची माती बोटाने उकरतात. वरचा थर सुका आणि खाली बोटाला गारवा लागला, तर दोर पिशवीतच ठेवून परत फिरतात.