मांगूर देशी की थाई? डोक्याचं हाड बघा

बाजारात मांगूर म्हणून दोन वेगळे मासे विकले जातात. एक आपला देशी मागूर (क्लॅरियास मागूर), जो आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गरक्षण संघटनेच्या यादीत संकटग्रस्त आहे. दुसरा मूळचा आफ्रिकेतला क्लॅरियास गॅरिपायनस, म्हणजेच थाई मांगूर. हा थाई मासा पाळण्यावर केंद्राने 2000 साली बंदी घातली. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने कान उपटल्यावर उजनी जलाशयाच्या आसपासची बेकायदा तळी मोडून मासे पुरण्यात आले. तरी हा मासा अजून मिळतोच.

दोघांच्याही अंगावर खवले नाहीत, दोघांनाही मिशांच्या चार जोड्या आणि पाठभर लांब पर. म्हणून रंगावर जाऊ नका. थाई मोठा झाला की राखाडी अंगावर डागांची नक्षी दिसते, पण लहान मासा एकरंगी दिसू शकतो. आकारही फसवतो. दीड किलोचा मासा देशी नसतोच, पण पावशेराचा मासा थाईचं पिल्लू असू शकतो.

खरी खूण डोक्यावर असते. मासा पोटावर ठेवा, डोक्यावरचा बुळबुळीत चिकटा फडक्याने पुसा आणि कवटी मानेकडे जिथे संपते तिथे बोट फिरवा. देशीचं हाड एकाच निमुळत्या टोकात संपतं. थाईची कवटी रुंद आणि चपटी असते. तिची मागची कड नागमोडी, तीन उंचवट्यांची लागते. जिवंत मासा धरताना छातीच्या परांचे काटे सांभाळा, दोघांचेही लागतात.

पाळणारे थाईकडे का वळतात, हे उघड आहे. देशी आठ-दहा महिन्यांत जेमतेम 100 ते 150 ग्रॅम भरतो, थाई तेवढ्यात किलोच्या पुढे जातो. कोंबडीची आतडी, कत्तलखान्यातला कचरा, काहीही खाऊन वाढतो आणि पाणी सडवतो. ‘खाल्ला की कॅन्सर’ असे मेसेज फिरतात, पण मूळ आक्षेप निराळा आहे. नदीत सुटला की तो इतर मासे, त्यांची अंडी, बेडूक, गोगलगायी सगळं फस्त करतो. मादी हजारोंनी अंडी घालते. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातूनही तो उपसून काढावा लागला आहे.

तळ्यात अडकवून ठेवू, हा भ्रम आहे. कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा जादा श्वसनावयव असल्याने तो हवेतला प्राणवायू घेतो आणि पावसाच्या रात्री ओल्या बांधावरून सरपटत ओढा गाठतो. देशीही हेच करतो, पण तो घरचाच. तळं उपसलं तरी थाई ओल्या गाळात तग धरतो. म्हणून तळाला भेगा पडेपर्यंत वाळवल्याशिवाय नवं बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडू नये.

देशीची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) घेताना हॅचरीत, म्हणजे पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रात, जनक मासे दाखवायला सांगा आणि त्यांचीच डोकी तपासा. देशी मादी आणि थाई नर यांचा संकर करून ते बीज देशी म्हणून खपवलं जातं. त्याच्या डोक्याची ठेवण अधलीमधली असते, बोटुकलीत तर ओळखूच येत नाही. असं बीज ओढ्यात गेलं, की देशीच्या वाणातच भेसळ होते. जाळ्यात थाई सापडला तर परत पाण्यात सोडू नका. मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाला कळवा.