पार्श्वभूमी : 'जयप्रभा'ची ती अट

मंगळवार पेठेतला जयप्रभा स्टुडिओ 2020 मध्येच विकला गेला होता, हे कोल्हापूरला कळलं फेब्रुवारी 2022 मध्ये. आधीच्या मालकीणबाई लता मंगेशकर यांच्या निधनाला तेव्हा जेमतेम काही दिवस झाले होते. लगेच फाटकासमोर मांडव पडला, साखळी उपोषण सुरू झालं. मांडवात रोज बसणाऱ्यांत कलाकारांइतकीच पडद्यामागची माणसं होती : लाईटवाले, मेकअपवाले, सेट उभे करणारे सुतार. त्यांचा राग समजायचा तर थोडं मागं जावं लागतं.

1933 मध्ये 'प्रभात' फिल्म कंपनीनं कोल्हापूर सोडून पुणं गाठलं. बोलपट नुकता आला होता, शहरात कसबी माणसं होती आणि त्यांच्या हाताला एकाएकी काम उरलं नाही. छत्रपती राजाराम महाराजांनी कोल्हापूर सिनेटोन ही चित्रपटसंस्था काढली, त्यांच्या भगिनींनी रंकाळ्याकाठी शालिनी सिनेटोन. दरबाराच्या दृष्टीनं हा शौकाचा मामला नव्हता. गावातला एक धंदा गावातच राहावा, एवढा साधा हिशेब त्यामागं होता. यातल्या कोल्हापूर सिनेटोनची वास्तू चाळीसच्या दशकात बाबांकडे, म्हणजे दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडे आली आणि तिची 'जयप्रभा' झाली.

गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत 1948 साली स्टुडिओ पेटवला गेला. 'मीठभाकर' हा त्यांचा चित्रपट त्या आगीत गेला. बाबांनी तो पुन्हा मुळापासून चित्रित केला आणि 1949 मध्ये पडद्यावर आणला. पण स्टुडिओ पुन्हा उभा करताना झालेलं कर्ज काही फिटेना. अखेर 1959 मध्ये मालकी पार्श्वगायिका लता मंगेशकर यांच्याकडे गेली. त्या व्यवहारानं स्टुडिओ वाचला, यात दुमत नाही. पुढं कितीतरी वर्षं बाबा तिथंच काम करत राहिले. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं' हे सगळे त्यानंतरचे. ऐतिहासिक पट लागला की पेठेतल्या तालमींत निरोप जायचा. सकाळच्या जोर-बैठका उरकून पोरं फाटकाशी जमायची, डोक्याला फेटा आणि ओठावर डिंकानं चिकटवलेली मिशी चढली की मावळा तयार. फ्लोअरवर 'सायलेन्स' ऐकू आलं की भिंतीपलीकडच्या गल्लीतली माणसंही बोलणं थांबवायची, असं जुनी मंडळी आजही सांगतात.

खरा गुंता आहे तो एका अटीचा. संस्थानानं ही जागा दिली ती इथं चित्रपटाचाच धंदा चालावा, या अटीवर; पुढच्या प्रत्येक खरेदीत ती अट जागेसोबत आली, असं कोल्हापूरकर धरून चालतात. मालकांच्या बाजूचं म्हणणं उलट : रीतसर खरेदीखत आहे, जागा खासगी आहे, मालकाला ती विकता येते. दोन्ही बाजू 'स्टुडिओ' हाच शब्द वापरतात आणि दोघींच्या मनात त्याचा अर्थ वेगळा असतो. एकीच्या लेखी स्टुडिओ म्हणजे सात-बारावरचं क्षेत्र. दुसरीच्या लेखी तिथं चालणारं काम.

हा फरक न ओळखता पहिला मोठा निर्णय झाला तो नव्या शतकाच्या पहिल्या दशकात. सुमारे 13 एकरांतली बरीचशी मोकळी जागा विकसकाकडे गेली आणि मूळ इमारतीभोवती साडेतीन एकरांच्या आसपास उरली. तेव्हा दिलासा देणारं वाक्य एकच होतं : 'स्टुडिओला हात लागलेला नाही.' माझ्या मते सगळं चुकलं ते इथंच. चित्रपटाच्या स्टुडिओत मोकळी जागा म्हणजे काही पडीक रान नसतं. गावाचा चौक, वाड्याची पडवी, लढाईचं मैदान तिथंच उभं राहतं. घोडे तिथंच बांधतात, जेवणाच्या पंगती तिथंच बसतात. फ्लोअर ठेवून मैदान विकणं म्हणजे तालमीची इमारत ठेवून कुस्तीचा हौदा बुजवणं. त्या वेळी विरोध झाला नाही असं नाही, पण तो तोकडा पडला.

2012 च्या सुमारास उरलेली जागाही विकली जाणार अशी बातमी आली आणि लोक रस्त्यावर उतरले. मग पुढं आला 'हेरिटेज' हा शब्द. वारसा यादीत नाव आलं की जागा सुरक्षित, अशी सगळ्यांची समजूत झाली. वाद न्यायालयापर्यंत गेला. पण वारसा यादी जपते ती वास्तू : भिंती, छप्पर, दर्शनी भाग. आत कॅमेरा फिरतो की जळमटं धरतात, याचं तिला देणं-घेणं नाही. विक्रीला मनाईही तिनं आपोआप होत नाही. 2020 च्या खरेदीनं नेमकं हेच दाखवून दिलं. इमारत जागेवर होती, यादीत नाव होतं आणि मालक बदलला होता.

रंकाळ्याकाठच्या शालिनीची गत कोल्हापूरनं त्याआधीच पाहिली होती. तिथं भूखंड पडले, वसाहत झाली, आणि स्टुडिओसाठी राखून ठेवलेल्या तुकड्यांवरूनही भांडण झालंच. मोरेवाडीच्या माळावरची चित्रनगरी सरकारी, शहराबाहेरची. तिथं आज मालिकांची चित्रीकरणं होतात, काम मिळतं, हे चांगलंच आहे. पण 'आता चित्रनगरी आहे, मग जयप्रभा कशाला?' हा प्रश्न विचारणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं : सुतार, रंगारी, दागिनेवाले, टोप करणारे हे सगळे पेठांतून राहिले ते स्टुडिओ चालत जाण्याइतका जवळ होता म्हणून.

2022 च्या आंदोलनानंतर सरकारच्या पातळीवर तोडगा सुचवला गेला : खरेदीदारांना दुसरीकडे जागा द्यायची आणि जयप्रभा ताब्यात घ्यायचा. चर्चा पुन्हा जमिनीच्या बदल्यात जमीन अशी सुरू झाली. मांडवातल्या मंडळींची मागणी मात्र पहिल्या दिवसापासून वेगळ्या शब्दांत होती. 'जतन करा' एवढ्यावर ते थांबत नव्हते. 'चित्रीकरणासाठी खुला करा' असं म्हणत होते.