दलदलीतलं लोखंड

दलदलीच्या कडेला साचलेल्या पाण्यावर कधीकधी तेलासारखा रंगीत तवंग दिसतो. काडीने ढवळून बघा. तेल असेल तर तवंग पुन्हा सांधतो. काचेसारखा फुटून तुकडे तसेच तरंगत राहिले, तर समजायचं की पाण्यात लोह आहे. जमिनीखाली हवा पोचत नाही, तिथल्या पाण्यात लोह विरघळलेलं राहतं. पाणी वर आलं की प्राणवायू आणि सूक्ष्मजीव मिळून त्याचा गंज करतात. तो साठत, घट्ट होत जातो आणि तांबूस-तपकिरी ढेकळं बनतात.

या ढेकळांच्या भरवशावर १६४६ च्या सुमारास अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या सॉगस नदीकाठी अख्खा लोखंडाचा कारखाना उभा राहिला. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचा त्याच नावाचा मुलगा, धाकटा जॉन विन्थ्रप, याने त्यासाठी इंग्लंडमधून भांडवल जमवलं होतं. पण त्याच भागातल्या ब्रेनट्री गावी लावलेली त्याची पहिली भट्टी फसली, कारण तिथे ना पुरेसं पाणी होतं ना पुरेसं धातुक. मग त्याच्या जागी आलेल्या रिचर्ड लीडरने सॉगस हेरलं.

भट्टीत वरून ढेकळं आणि लोणारी कोळसा ओतायचा, खालून पाणचक्कीवरच्या भात्यांनी वारा घालायचा. मळी, म्हणजे धातुकातली वितळलेली घाण, पातळ होऊन वेगळी व्हावी म्हणून एरवी चुनखडी टाकतात. इथे त्याऐवजी जवळच्या नहान्टहून गॅब्रो आणला. गॅब्रो म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या बेसॉल्टचाच भाऊ, फक्त खोलवर सावकाश थंड झालेला. त्यातल्या कॅल्शियमवर काम भागलं. मला या सगळ्या खटाटोपात हीच युक्ती सर्वांत आवडते.

भट्टीतून निघायचं ते बीड. बिडाचा तवा हातून पडला की तडकतो, कारण त्यात तीन-चार टक्के कार्बन असतो. भांडी ओतायला ते चालतं, खिळ्यांना नाही. म्हणून बीड पुन्हा वितळवून, वाऱ्याच्या झोतात कार्बन जाळून मग घणाखाली ठोकायचं. घण पाचशे पौंडांचा, म्हणजे सव्वादोन क्विंटलचा. तो उचलायलाही पाणचक्कीच. कोळशासाठी जंगलं तोडायला माणसं कमी पडली, तेव्हा १६५० मध्ये स्कॉटलंडमधल्या डनबारच्या लढाईत इंग्रजांनी पकडलेले स्कॉटिश कैदी आणून जुंपले.

तरी धंदा बसेना. कर्ज आणि कोर्टकज्जे वाढत गेले आणि १६७० च्या आसपास भट्टी कायमची विझली.

१९४८ मध्ये रोलंड रॉबिन्सने इथे खोदकाम सुरू केलं. मातीखालून भट्टीचा पाया निघाला, मळीचे ढीग निघाले आणि एका पाणचक्कीच्या चाकाचं लाकूडही निघालं. जवळजवळ तीनशे वर्षांत ते कुजलं नव्हतं. ओल्या, हवा न पोचणाऱ्या चिखलात बुडून राहिलं होतं.