पू म्हणजे ‘खराब रक्त’ नव्हे
खानापूरच्या भातखाचरात पायात काटा मोडतो, निपाणीकडं ऊस तोडताना पाल्यानं बोट कापतं. दोन दिवसांत ठणका लागतो, पू धरतो. मग घरातलं कुणीतरी सांगतंच, “खराब रक्त साठलंय, पिळून काढ.” हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय आणि तो चुकीचा आहे.

रक्त नासून पू होत नाही. जंतू आत शिरले की तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-८ नावाचं प्रथिन सोडतात. १९८७ साली ओळखलेलं हे प्रथिन अगदी लहान, मुख्य रूपात ७२ अमिनो आम्लांचं. जखमेपाशी ते दाट, लांब गेलं की विरळ. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, फटीतून बाहेर पडतात आणि गुळाच्या ढेपेकडं मुंग्या याव्यात तशा दाट बाजूकडं सरकतात. जंतू गिळतात, मरतात. त्या मेलेल्या पेशी, जंतू आणि आजूबाजूच्या मांसाचा चुरा म्हणजेच पू.

म्हणून कळकळीनं सांगतो, गळू पिळू नका. दाबल्यानं जंतू आणखी आत जातात. मोठ्या गळवातला पू काढावाच लागतो, पण तो डॉक्टरांनी चीर देऊन. मधुमेह असेल, ताप आला किंवा लाली वर चढू लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.